मत द्यावे, पण कोठे?

मराठी भाषेने एक गंमत करून ठेवली आहे. मतपेटीत टाकतात तेही मत आणि ओटीवर बसून फुकट वाटतात तेही मत. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना प्लेटोने मत आणि ज्ञान यांत केलेला भेद आम्हांला घोकून घोकून पाठ करावा लागला होता. परीक्षेत गुणही बरे मिळाले. तो भेद प्रत्यक्षात कळायला मात्र पुढे तीस वर्षे जावी लागली आणि तोही एका निवडणुकीच्या निमित्ताने, आमची फजिती होऊन कळला.

रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर आमच्या निवासाच्या ओटीवर चार-सहा मंडळी चहाला थांबतात. त्या ओटीवर मतांना तोटा नाही. क्रिकेट तर हक्काचा विषय. सप्टेंबर २०२२ मध्ये लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडून पुढे गेलेल्या चार्ली डीनला धावबाद केले, तेव्हा ओटीचे सरळ दोन तट पडले. तरुण म्हणाले, "नियमात बसतं ना? मग झालं!" वडीलधारे म्हणाले, "नियमात बसतं ते सगळंच शोभतं का?" १९४७ साली विनू मंकड यांनी सिडनीत बिल ब्राऊनला असेच बाद केले, तेव्हापासून हा वाद चालू आहे. ब्राऊनला त्यांनी आधी ताकीद दिली होती आणि खुद्द ब्रॅडमननी मंकड यांचीच बाजू घेतली, हे मात्र वाद घालणारे सोयीस्करपणे विसरतात.

आमचे मत विचारले, की आम्ही १९८० चा वानखेडेवरील सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना सांगतो. आम्ही तेव्हा शाळकरी पोर. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत परतले होते. यष्टिरक्षक बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिले. चेंडू बॅटीला लागला नव्हता, असे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांना वाटले आणि त्यांनी त्याला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी मग १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा गडी राखून हरला. विश्वनाथांच्या खिलाडूवृत्तीवर बोलणारे पुष्कळ भेटतात. आम्हीही प्रवचनात ते उदाहरण दोन-तीनदा वापरले आहे. परंतु त्या मताची किंमत विश्वनाथांनी सामना गमावून मोजली होती. आमच्या मताला कपभर चहाही पडत नव्हता, उलट तो आम्हांला मिळतच होता.

स्वयंपाकघरातही तीच तऱ्हा. आमच्याकडे रांधणाऱ्या मावशींच्या हातून एकदा माशाच्या कालवणात मीठ जास्त पडले. ओटीवरून एकमुखाने सल्ला आला, "बटाटा घाला, तो मीठ शोषून घेतो." मावशींनी मुकाट्याने बटाटा घातला, शिजवला, बाहेर काढला आणि कालवणाची वाटी सल्लागारांपुढे ठेवली. खारटपणा होता तसाच! "फादर, बटाटा मीठ निवडून खात नाही. खारट पाणी पितो आणि स्वतः खारट होतो. रस्सा कमी होतो, खारटपणा तेवढाच राहतो," असे म्हणून मावशींनी कालवणात पाणी वाढवले, नारळाचे दूध आणि थोडी चिंच घातली आणि सर्वांना जेवू घातले. जिने हजार वेळा रांधले तिचे ते ज्ञान. ज्यांनी नुसते जेवले त्यांचे ते मत.

तिसरी गोष्ट दूरदर्शन संचाची. आमच्या चर्चमधील वयोवृद्ध सेवेकरी काका कानांनी जवळजवळ बहिरे आहेत. संध्याकाळी आमच्याकडे टीव्ही पाहायला बसले, की चित्राखाली अक्षरे उमटणारा कार्यक्रम लावा, असा त्यांचा आग्रह. ती अक्षरे चित्राची शोभा घालवतात, असे आमचे ठाम मत होते आणि ते आम्ही बोलूनही दाखवीत असू. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत ब्रिज कोठारी यांनी १९९६ साली एक साधी कल्पना मांडली: चित्रपटगीत ज्या भाषेत चालले आहे त्याच भाषेत त्याचे शब्द पडद्यावर उमटावेत, म्हणजे अर्धवट साक्षर माणूस गाता गाता वाचू लागेल. २०१९ साली केंद्र सरकारने श्रवणदोष असलेल्यांसाठी दूरदर्शन कार्यक्रम सुगम करण्याची मानकेही काढली. हे सारे आम्ही वाचले होते. तरी मत बदलले नव्हते. कारण आमचे कान शाबूत होते.

आता चौथी गोष्ट. ती सांगताना लेखणी अडखळते.

१९ मे २०२४ रोजी पेंटेकॉस्टचा सण होता. दुसऱ्या दिवशी आमच्या भागात लोकसभेचे मतदान. आम्ही वेदीवरून आवेशाने सांगितले, की मतदान न करणाऱ्याला तक्रार करण्याचा अधिकार नाही. सोमवारी सकाळी ओळखपत्र घेऊन आम्ही केंद्रावर गेलो, तर यादीत आमचे नाव नव्हते! आदल्या वर्षी आमची बदली झाली होती. स्थलांतराचा अर्ज क्रमांक ८ वेळेत भरला असता, तर नाव इकडे आले असते. तो आम्ही भरलाच नव्हता. नाव जुन्या धर्मग्रामाच्या यादीत होते. तेथे जाऊन मत देता आले असते. परंतु दुपारी दफनविधी आहे, असे कारण आम्ही स्वतःलाच दिले. विधी चार वाजता होता.

संध्याकाळी काका आले. डाव्या तर्जनीवरील शाई त्यांनी अभिमानाने दाखवली आणि आमच्याकडे बोट करून भुवया उंचावल्या. आमचा डावा हात झग्याच्या खिशात होता. आम्ही मान डोलावली.

वाचकहो, ऐकू येणाऱ्यापुढे डोलावलेली मान संदिग्ध असू शकते. बहिऱ्या माणसापुढे ती स्पष्ट उच्चारलेले वाक्य असते. ते वाक्य असत्य होते. त्या रात्री आम्हांला विश्वनाथ आठवले. पंचांनी निर्णय दिला होता, कोणी काही विचारणार नव्हते. तरी त्या गृहस्थाने टेलरला परत बोलावले.

पुढच्या रविवारी आम्ही वेदीवरून सर्व हकिगत सांगितली. चर्चमध्ये शांतता पसरली. काका पहिल्या बाकावर बसून आमच्याकडे पाहत होते. त्यांना त्यातले काहीच पोहोचले नव्हते. तेव्हा ध्यानात आले, की आमची इतक्या महिन्यांची प्रवचने त्यांनी अक्षरांवाचून नुसती पाहिली आहेत. मिस्सानंतर आम्ही एका कागदावर ठळक अक्षरांत लिहिले: "मी मत दिले नव्हते. तुम्हांला खोटे सांगितले. क्षमा करा." काकांनी तो कागद दोनदा वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "फादर, प्रवचनही असंच लिहून देत जा."

तेव्हापासून दर शनिवारी रात्री प्रवचनाचा सारांश मोठ्या अक्षरांत लिहिला जातो. आता त्याच्या पाच प्रती लागतात. आपल्यालाही ऐकू येत नाही, हे सांगायला आणखी चौघांना धीर आला. अर्ज क्रमांक ८ आम्ही त्याच आठवड्यात भरला. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी काकांच्या मागोमाग रांगेत उभे राहून मतदान केले. बाहेर आल्यावर काकांनी आमचा हात धरला, बोट उजेडाकडे वळवले, शाई नीट निरखली आणि मगच सोडला.

ओटीवर मते अजूनही वाटली जातात. आम्हीही आमचा वाटा उचलतो. फक्त बोलण्यापूर्वी एकदा डाव्या बोटाकडे पाहून घेतो.