खोली लहान, व्हॉल्व्ह मोठा

गिरणगावात राहून शांततेची अपेक्षा करू नये. १९८२ च्या संपापर्यंत आमचा दिवस गिरण्यांच्या भोंग्यांनी वाटून दिलेला होता. पुढे एकेक भोंगा मुका झाला आणि त्यांची जागा कर्ण्यांनी घेतली. असल्या परळात, दहा बाय बाराच्या खोलीत, १९३७ साली थांबलेला अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज नीट ऐकावा, एवढाच आम्हा भावांचा हट्ट. तबकड्या अब्बांच्या. खाँसाहेब जिथे विसावले त्या मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसाला अब्बा वर्षानुवर्षे जात. आता त्यांचे कान मंदावलेत, पाय त्याहून जास्त.

सिंगल एंडेड ट्रायोड म्हणजे एकच व्हॉल्व्ह आवाजाची पूर्ण लाट पेलतो. पुश-पुलसारखी दोघांत वाटणी नाही. या जातीतला नावाजलेला ३००बी, मूळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा. सिनेमागृहांत तो चालला. देतो मात्र जेमतेम ८ वॅट. तिथे ते पुरत, कारण तिथले कर्णे कपाटाएवढे, थोड्या वॅटवर दणका देणारे. तसला कर्णा आमच्या खोलीत आणला तर आम्ही गॅलरीत झोपायचे! लहान स्पीकर घ्यावा तर तो एका वॅटला ८६-८७ डेसिबलच देतो. म्हणजे खोली लहान म्हणून स्पीकर लहान, आणि स्पीकर लहान म्हणून व्हॉल्व्ह मोठा. बंगलेवाल्याचे ८ वॅटवर भागते, चाळकऱ्याला २० लागतात.

८ चे २० झाले म्हणून आवाज अडीचपट होतो असे कुणी समजू नये. फरक ४ डेसिबलचा. पण तान वर चढते तेव्हा नेमके तेवढेच हवे असतात.

तेव्हा ८४५ ठरला. त्याला हजाराच्या आसपास व्होल्ट लागतात हे कळल्यावर अम्मी म्हणाली, "घरात पोरंबाळं, आणि तुम्ही मौत आणून ठेवता?" तिचे बरोबरच होते. म्हणून आधी पत्र्याची जाळी करून घेतली, स्क्रूने घट्ट बसवलेली. कपॅसिटरवर वीज साठून राहते, ती उतरवायला रेझिस्टर टाकला. तरीही बंद केल्यावर मीटर लावून शून्य पाहिल्याशिवाय आत हात घालत नाही, आणि घालतो तो एकच. दुसरा पाठीमागे.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरसाठी लॅमिंग्टन रोड पालथा घातला. एका गाळ्यात पुश-पुलचाच माल "चालेल" म्हणून गळ्यात मारला जात होता. चालत नाही. इथे वाइंडिंगमधून एकाच दिशेचा प्रवाह सतत वाहतो. गाभ्यात बारीक फट ठेवली नाही तर लोखंड तुडुंब भरते आणि खर्ज जातो. फट ठेवली की गाभा मोठा लागतो. उचलताना कंबर सांगते.

अजान झाली की आवाज उतरवतो, स्विच बंद करत नाही. सारखे थंड-गरम केलेले व्हॉल्व्हला मानवत नाही. स्पीकरची तार सुटलेली असताना तर कधीच चालू करत नाही, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अब्बा हल्ली आवाज कमी करायला सांगतात. जुन्या सेटवर वाढवायला सांगत.

दोन बाजूंचा मिळून तो तीनशेच्या आसपास वॅट खातो आणि चाळीस देतो. बाकीची नुसती उष्णता. त्यामुळे मे महिन्यात त्याला सुट्टी. गणपतीच्या दहा दिवसांतही सुट्टीच. लालबाग हाकेवर आहे, तिथल्या कर्ण्यांपुढे आमचे चाळीस वॅट काय करणार?