पुस्तक परत करताना

कादंबऱ्या आणि आत्मकथनं शिकवणं हा आज माझा व्यवसाय आहे. वर्गात बोलताना मी समीक्षकांची नावं घेते, त्यांचं ऋण मोकळेपणानं सांगते. पण पुस्तकाजवळ कसं बसावं हे मला शिकवलं ते माझ्या आत्यानं. ती सातवीपर्यंत शिकलेली, डबे करून संसार ओढणारी बाई होती. तिचं नाव कुठल्या प्रबंधाच्या सूचीत येणार नाही, म्हणून तिच्याबद्दल लिहायला हवं.

आमच्या खेड्यात कॉलेज नव्हतं, म्हणून मी तालुक्याला आत्याकडे राहायला गेले. आत्या पहाटे कणीक मळायला घ्यायची. दुपारी डबे रवाना झाले, ओटा धुऊन झाला, की पदराला हात पुसत वाचायला बसायची. पुस्तकं यायची गल्लीच्या टोकाच्या वाचनालयातून. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. आमचं ‘ड’ वर्गातलं. एक खोली, चार कपाटं आणि तुटपुंजं अनुदान. नवी पुस्तकं मोजकी यायची, म्हणून घरी कुठलं न्यायचं याला फार महत्त्व होतं. आत्या पुस्तक परत करताना दोन वाक्यांत आपलं मत सांगायची, आणि ग्रंथपालकाका ते पुढच्या वाचकाच्या कानावर घालायचे. तिच्या शब्दावर पुस्तकं उचलली जायची.

मला त्या वेळी पुस्तकाबद्दल बोलता येत नव्हतं. परीक्षेपुरती लेखकाची वैशिष्ट्यं पाठ होती. कुणी मत विचारलं तर ‘छान आहे’ याच्या पुढे मला शब्द सुचत नसे. आत्यानं लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हातात दिलं आणि वाचून झाल्यावर विचारलं, “कुठं थांबलीस?” मला प्रश्नच कळला नाही. मग तिनं स्वतःचं सांगितलं. लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्या मधल्या वर्षांपाशी आत्या थांबली होती. ती म्हणाली, “या बाईला नवऱ्याचा राग आला तर ती तो झाकत नाही, आणि माया आली तर तीही झाकत नाही. म्हणून ती सांगेल ते मला खरं वाटतं.” आठवणी लिहिणाऱ्यावर वाचकाचा विश्वास कशामुळे बसतो, यावर मी पुढे पुष्कळ वाचलं. तिच्या या दोन वाक्यांचा आधार मला प्रत्येक वेळी लागला.

पुढच्या वर्षी ‘कोसला’ वाचली. १९६३ साली आलेली नेमाड्यांची ही कादंबरी आम्हा मुलामुलींच्या तोंडी सतत असायची. तिच्या नायकासारखं, पांडुरंग सांगवीकरासारखं बोलायचा प्रयत्न आम्ही सगळेच करत होतो. मी भाषेविषयी, तिच्या वेगळेपणाविषयी आत्याला पुष्कळ ऐकवलं. तिनं ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “मी मनीपाशी थांबले.” पांडुरंगची ही लहान बहीण देवीच्या आजारात जाते. “आधी तो सगळ्या जगाला नावं ठेवतो. बहीण गेल्यावर त्याला ओरडायला जागाच उरत नाही. तिथं मला तो आपला वाटला,” आत्या म्हणाली. मी ती पानं पुन्हा वाचली. ज्या बोलण्याची आम्ही नक्कल करत होतो, त्याच्या तळाशी केवढं दुःख आहे हे मला त्या दिवशी दिसलं.

दया पवारांचं ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन ग्रंथालीनं १९७८ मध्ये प्रसिद्ध केलं. आमच्या वाचनालयात ते बऱ्याच वर्षांनी आलं. आत्यानं ते परत करताना काकांना काहीच सांगितलं नाही. तिच्या घरी मागच्या दारी, भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा ठेवलेला असायचा. मी तो रोज पाहत होते आणि त्यात मला काही खटकलं नव्हतं. त्या आठवड्यात आत्यानं तो कप उचलून फडताळातल्या बाकीच्या कपांत मिसळला आणि मावशींना स्वयंपाकघरात आपल्या शेजारी बसवून चहा दिला. मी पुस्तकाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाली, “याला आवडलं-नावडलं म्हणू नये. त्यानं सोसलेलं सांगितलं. ऐकल्यावर आपण आपलं घर बघायचं. मला फार उशीर झाला.” वाचनानं माणूस बदलतो हे वाक्य मी कितीदा तरी लिहिलं असेल, त्याचा अर्थ मला त्या स्वयंपाकघरात मिळाला.

सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं तेव्हा मी एम.ए. करत होते. पुस्तकावरून घरोघरी वाद झाले. सुनीताबाईंचे पती पु.ल. यांच्यावर जीव असलेल्या अनेकांना ते लागलं. मी त्यावर एका छोट्या नियतकालिकासाठी परीक्षण लिहिलं आणि छापायला देण्याआधी आत्याला वाचून दाखवलं. त्यात स्त्रीवाद होता, आत्मशोध होता, नवे शिकलेले सगळे शब्द होते. ती म्हणाली, “लिहिलंयस चांगलं, पण तू यात कुठं थांबलीस ते मला कळलं नाही.” तिला स्वतःला काय वाटलं हेही तिनं सांगितलं, “मोठ्या माणसाच्या मागं कुणीतरी सगळं सांभाळत उभं असतं. ते हिनं सांगितलं. पण हिशोब मांडताना हिनं स्वतःलाही सोडलेलं नाही, म्हणून मी हिच्या बाजूची.” रात्री मी परीक्षण नव्यानं लिहिलं. या खेपेला सुरुवात सुनीताबाई स्वतःला धारेवर धरतात त्या जागांपासून केली. आज मला लेखिका म्हणून जे काही ओळखतात, त्याची सुरुवात त्या रात्री झाली.

न जमलेल्या पुस्तकाशी कसं वागावं हेही मी तिच्याकडूनच शिकले. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ तिनं पहिल्यांदा अर्धीच ठेवली होती. काकांना तिनं सांगितलं, “मला आत्ता नाही जमली. दुसऱ्या कुणाला द्या, त्याला जमेल.” तिनं पुस्तकाला वाईट म्हटलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी तिनं ती पुन्हा आणली आणि एका बैठकीत संपवली. युरोपातून हिंदुस्थानाकडे येणारी ती बोट, चक्रधर आणि ज्यू निर्वासित हॅर्टा, दारात उभं असलेलं महायुद्ध. “त्या पोरीला उतरायला कुठं जागाच नाही गं,” एवढंच ती म्हणाली. पुस्तक तेच होतं, दरम्यान आत्यानं पुष्कळ सोसलं होतं. एखादी कादंबरी मला भिडत नाही तेव्हा मी आता घाईनं निकाल देत नाही.

उतारवयात तिला अक्षरं दिसेनाशी झाली. मग सुट्टीत मी तिला वाचून दाखवू लागले. ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ आम्ही असंच वाचलं. डोक्यावर ओझी घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायका, बांबूची आयदानं विणत संसार तगवणारी लेखिकेची आई. आत्या ऐकता ऐकता स्वतःची बोटं चोळत राहिली. म्हणाली, “आईचे हात लेकीनं नीट पाहिले. पुस्तक तिथंच तयार झालं असणार.” ‘आयदान’ मी वर्गात शिकवते तेव्हा आत्याचं हे मत तिचंच म्हणून सांगते.

आत्या आता नाही. अलीकडे वर्गात सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ चालू होती. मुलांना मी विचारलं, कुठं थांबलात? नेहमी मागं बसणारा शेतकऱ्याचा एक मुलगा शिकून घरी बसलेल्या एकनाथाविषयी बोलला. मग आपल्या थोरल्या भावाविषयी बोलला. तास संपला तरी कुणी उठलं नाही. त्याच्या बोलण्यात समीक्षेचा एकही शब्द नव्हता, आणि त्या कादंबरीविषयी मी इतकी वर्षं सांगत आले त्याहून अधिक त्यानं सांगितलं. आत्या भेटली नसती तर मी त्याला मध्येच थांबवून ‘मुद्द्यावर ये’ म्हटलं असतं.

मराठी पुस्तकं अशा वाचकांच्या भरवशावर एका हातातून दुसऱ्या हातात गेली आहेत. तुमच्याही घरात, गल्लीत असं कुणी असेल. त्यांना जरूर विचारा, आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्या. माझ्यावर आत्याचे उपकार आहेत ते एवढ्यासाठी की तिनं मला आधी विचारलं, आणि मला काही सांगता येईपर्यंत वाट पाहिली.