महाबळेश्वरचा पिट स्टॉप
गेल्या वैशाखात आम्ही सहकुटुंब महाबळेश्वरास गेलो. समवेत आमच्या कैलासवासी वडील बंधूंच्या पत्नी, म्हणजे थोरल्या वहिनी, होत्या. त्यांचे माहेर वाईचे. बालपण कृष्णेच्या घाटावर गेले. परंतु वयाची ऐंशी वर्षे उलटली तरी कृष्णेचा उगम काही दृष्टीस पडला नव्हता. प्रवासाची आखणी त्यांच्या चिरंजीवाने केली होती. पसरणीचा घाट चढताना तो म्हणाला, "काका, पाचगणीला पिट स्टॉप, वेण्णा तलावाला पिट स्टॉप, जुन्या महाबळेश्वरला दहा मिनिटांचा पिट स्टॉप, की थेट आर्थर सीट!"

शब्दांची चिकित्सा करण्याची आमची खोड जुनी आहे. हा शब्द मोटारींच्या शर्यतीतला. 'पिट' म्हणजे खड्डा. फ्रान्समधील डिएप येथे १९०८ साली झालेल्या शर्यतीत मार्गालगत चर खणून त्यात दुरुस्तीची माणसे व सामग्री ठेवली होती. पुढे अशा जागेस तेच नाव रूढ झाले. आज फॉर्म्युला वनच्या शर्यतीत मोटारीची चारही चाके दोन-तीन सेकंदांत बदलतात. पेट्रोल, चहा अथवा देहधर्म यांसाठी वाटेत थोडके थांबणे, हा प्रवाशांचा अर्थ त्यावरूनच आला. परंतु फॉर्म्युला वनच्या पिट स्टॉपमध्ये हाकणारा सहसा खाली उतरतच नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ते थांबणे यंत्राचे.

आपल्याकडे थांबा निराळा, विसावा निराळा आणि अरबीतून आलेला मुक्काम आणखी निराळा. 'मेघदूता'तील यक्षाचेच पाहा ना! निरोप पोहोचविण्याची त्याला केवढी निकड! तरीही थकल्यावर कोणत्या शिखरावर टेकावे हे तो मेघास सांगतो, आणि वाट वाकडी करून उज्जयिनी पाहावयास लावतो.

असो. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री यांचे प्रवाह एकत्र होऊन गोमुखातून कुंडात पडतात. वहिनींनी गोमुखाखाली ओंजळ धरली आणि विचारले, "भाऊजी, यातले वाईला जाणारे पाणी कोणते हो?"

चाळीस वर्षे भूगोल शिकविला, पण या प्रश्नाने आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. मग सांगितले, की येथे ते निवडता यावयाचे नाही. वेण्णा माहुलीस कृष्णेला मिळते, कोयना कऱ्हाडास. सावित्री मात्र पश्चिमेस उतरून बाणकोटापाशी समुद्र गाठते. वहिनी पायरीवर टेकल्या. "म्हणजे एका घरच्या लेकी," त्या म्हणाल्या, "दिल्या घरी गेलेल्या." ओंजळीतील पाणी त्यांनी डोळ्यांस लावले.

इतक्यात बाहेर मोटारीचा भोंगा वाजला, पुन्हा वाजला. शेवटी चिरंजीव स्वतःच अनवाणी आत आला. आईकडे त्याने पाहिले, मनगटावरील घड्याळाकडे पाहिले, आणि काही न बोलता परत गेला. आम्हांस वाटले, रागावला. थोड्या वेळाने आला तो मोटारीतला तांब्या घेऊन.

त्या दिवशी आर्थर सीट राहून गेली.