कोनाड्यातली खेळणी

एरंडोलच्या जुन्या वस्तीतल्या घरांत कपाटाला जागा नसते, पण भिंतींना जाडी भरपूर असते. आमचं घर धाब्याचं आहे. मातीच्या रुंद भिंती, वर लाकडी सरे आणि त्यांवर मातीचं धाबं. अशा भिंतीत जागोजागी कोनाडे असतात. एकेकाळी त्यांत चिमण्या, दिवे, फणी-आरसा असायचा. वीज आली आणि कोनाड्यांची ही कामं संपली. मग त्यांत विजेची बिलं, औषधाच्या अर्ध्या बाटल्या आणि बंद पडलेल्या बॅटऱ्या साठत गेल्या. आमच्या ओसरीला आणि मधल्या खोलीला मिळून असे सात कोनाडे आहेत, त्यातले चार अगदी खाली, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. मुलांच्या खेळण्यांचा प्रश्न मी सोडवला तो या चार कोनाड्यांनी, आणि जवळजवळ फुकटात.

थोरली दुसरीत आहे आणि धाकटा चार वर्षांचा. दोघांची खेळणी म्हणजे काय, तर सासूबाईंच्या लहानपणची पितळी भातुकली, पोळ्याचे मातीचे बैल, गुलाबाईच्या टिपऱ्या, पद्मालयाला दर्शनाला गेलं की मंदिराबाहेरून हट्टाने घेतलेल्या गाड्या आणि शिट्ट्या, वाढदिवसाला आलेली प्लॅस्टिकची ठोकळ्यांची पिशवी. शिवाय हस्तकलेचं सामान: घोटीव कागद, खडू, रंग, डिंक, कात्री, टिकल्या, लोकर, काडेपेट्या, चिंचोके, सरकी, शिंप्याकडच्या चिंध्या. हे सगळं एका मोठ्या गोणीत असायचं. बहुतेक घरांत असंच असतं. त्या गोणीचा एकच नियम होता, हवं ते नेहमी तळाशी. एक बैल हवा म्हणून पूर्ण गोणी ओसरीत उपडी व्हायची, आणि बैल मिळेपर्यंत खेळायचा उत्साह संपलेला असायचा. मुलं गोणीतल्या वरच्या थराशीच खेळत होती. खाली काय आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मोठ्या शहरांतल्या घरांचे फोटो पाहिले की रंगीत प्लॅस्टिकच्या पेट्यांची उतरंड दिसते. त्या पेट्यांचा संच घ्यायचा म्हटला तर आमच्या घरी महिन्याच्या किराण्याला हात लावावा लागला असता. आणि पेट्या आल्या म्हणून पसारा आवरत नाही. मूल आवरतं ते त्याला वस्तू दिसते, हाताला लागते आणि परत ठेवायची जागा ठरलेली असते म्हणून. हे माझं शहाणपण नाही. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं, तेव्हा सामान कुलपातल्या कपाटात होतं आणि शिक्षिका ते वाटायच्या. पुढे त्यांनी मुलांच्या उंचीची, उघडता येतील अशी बुटकी कपाटं केली, आणि मुलं आपलं सामान आपण काढून आपणच ठेवू लागली. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. माँटेसरींची साधनं महाग, खेड्यातल्या बालवाडीला न परवडणारी. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे काम कोसबाडला नेलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि तिथे मोजायला शंख-शिंपले, बिया, खडे, वर्गीकरणाला पानं-फुलं असं आसपासचं सामान घेतलं. बालवाडी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेताना हे मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. आता माझ्याच घरात ते कामाला येत होतं.

खालचे चार कोनाडे रिकामे केले, ओला चुना दिला आणि वाळू दिले. एक सोडून बाकीचा कुठला कोनाडा कशाचा हे मुलांनीच ठरवलं. भातुकली चुलीकडच्या भिंतीत हवी, हा थोरलीचा आग्रह. गाड्या दाराजवळ, कारण धाकट्याच्या मते गाड्यांना बाहेर जायचं असतं. मोठ्यांना हे गमतीचं वाटेल, पण जागेमागचं कारण मुलाचं असलं की ती जागा त्याच्या लक्षात राहते. धाकटा आजही गाडी दाराजवळच नेऊन ठेवतो. मी एवढंच ठरवलं, कोनाड्यात मावेल तेवढंच बाहेर. बाकीचं माळ्यावरच्या गाठोड्यात जातं आणि सणासुदीच्या आगेमागे अदलाबदल होते. गाठोड्यातून परत आलेला लाकडी भोवरा नव्या भोवऱ्याइतकाच आनंद देतो, हे मी दरवेळी बघते.

धाकट्याला वाचता येत नाही. म्हणून हस्तकलेच्या सामानाच्या डब्यांवर नावं न लिहिता त्या-त्या वस्तूचा नमुनाच चिकटवला. चिंचोक्यांच्या डब्यावर एक चिंचोका, टिकल्यांच्या डब्यावर टिकली, लोकरीच्या डब्यावर लोकरीची गाठ. चिंचोका मात्र डिंकाने राहत नाही, गोल पाठीमुळे निसटतो. त्याची एक बाजू फरशीवर घासून सपाट केली की घट्ट बसतो.

आता डबे-परड्यांविषयी. या घरात सगळ्यात जास्त काय निघतं, तर रद्दी. थोरलीच्या जुन्या वह्या, वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका. मी ती भंगारवाल्यासाठी बांधत होते, तेव्हा सासूबाई ओसरीतून म्हणाल्या, "फेकू नको वं, लगदा करूत." लगद्याच्या पाट्या-परड्या त्यांच्या माहेरी घरोघर व्हायच्या. धान्य पाखडून ठेवायला, कुरडया-पापड ठेवायला. मी अशी परडी पाहिली होती, करताना कधी पाहिली नव्हती.

कागदाचे तुकडे करून ते मोठ्या पातेल्यात चांगले भिजू दिले, रोज पाणी बदललं. चुरगळला की बोटांत विरघळतो, इतका मऊ झाल्यावर तो पिळून उखळात कुटला. किलोभर रद्दीला पाव किलो मेथी हे सासूबाईंचं प्रमाण. मेथी रात्रभर भिजवून पाट्यावर वाटायची. वाटताना ती तार धरते, बुळबुळीत होते, आणि तोच चिकटा कागदाला बांधून ठेवतो. शिवाय मेथीच्या कडूपणामुळे किडे लागत नाहीत, हे सासूबाईंचं म्हणणं. मग घमेलं उपडं ठेवून त्यावर ओलं फडकं घातलं आणि लगदा थापायला घेतला. इथे त्यांचा हात बघण्यासारखा होता. तळहाताने थापत नव्हत्या, तळहाताच्या मनगटाकडच्या गादीने दाबत, घमेलं गोल फिरवत पुढे जात होत्या. बुडाकडे जाड, कडेला पातळ. मधेच थांबून बोटाच्या टोकाने टोचून बघत. बोट सगळीकडे सारखंच रुतलं पाहिजे. जिथे कमी रुतेल तिथे थर पातळ आणि तिथेच तडकणार.

वाळवताना आमच्याकडच्या उन्हाची घाई आडवी येते. एप्रिल-मेमध्ये जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांकडे जातो. ओली परडी थेट उन्हात ठेवली तर वरचा थर आवळतो, आतला ओलाच राहतो आणि भेग पडते. म्हणून आधी ओसरीच्या सावलीत ठेवायची, घमेल्यावरून सुटायला लागली की उन्हात. मग आतून-बाहेरून चिंचोक्याच्या खळीत बुडवलेला कागद चिकटवायचा आणि गेरूचा हात द्यायचा. चिंचोके भाजून, सोलून, दळून पाण्यात शिजवले की जी खळ होते ती बाजारच्या डिंकाइतकी पक्की धरते. मुलांच्या चिकटकामालाही आता तीच वापरतो. थोडी-थोडीच करावी लागते, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबते.

या सगळ्यात मला एक गोष्ट फार जवळची वाटली. इंपीरियल गॅझेटियरमध्ये एरंडोलविषयी लिहिताना जाडसर देशी कागदाचा उल्लेख आहे. या धंद्यामुळे एकेकाळी गावाचं नाव होतं आणि ते गॅझेटियर लिहिलं गेलं तेव्हाही तो थोड्या प्रमाणात चालू होता. हातकागद म्हणजे तरी काय, टाकाऊ चिंध्या-गोणपाट कुटून केलेला लगदाच. गावातला तो धंदा मी पाहिलेला नाही. पण थोरलीला हे सांगितलं तेव्हा तिने उरलेला लगदा पिठाच्या चाळणीवर पसरून स्वतःचा कागद केला. जाड, खडबडीत, त्यात वहीची निळी रेघ अजून दिसणारा. त्यावर तिने अंजनी नदी काढली आणि तो कोनाड्याच्या मागच्या भिंतीला लावला.

कोनाडे सगळ्याच सामानाला चालतात असं मात्र नाही. मेणाच्या खडूंसाठी ते सोन्यासारखे. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात मेणाचे खडू वितळून एकमेकांना चिकटतात, मातीच्या भिंतीत ते सरळ राहतात. पण कागदांचा साठा कोनाड्यात ठेवू नये. मातीच्या भिंतीला वाळवीची भीती असते आणि पावसाळ्यात ओल धरते. कोरे कागद, पुठ्ठे, घोटीव कागद मी गोडेतेलाच्या १५ किलोच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. हॉटेलवाल्याकडून असा डबा स्वस्तात मिळतो, वरचा पत्रा कापून कडा आत दुमडून घ्यायच्या, गरम पाणी आणि राखेने घासायचा. तेलाचा वास जायला वेळ लागतो, त्याची घाई करू नये, नाहीतर कागदाला डाग पडतात. रबरबँड उन्हाळ्यात चिकट होऊन तुटतात, त्यांच्याऐवजी सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणून तिचे वेढे कापले. अरविंद गुप्तांनी १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगकाड्या जोडून भूमितीचे आकार करून दाखवले होते. त्या ट्यूबचे तुकडे आमच्याकडेही एका काडेपेटीत आहेत, आणि थोरली त्यांतून त्रिकोण, चौकोन, घर असं पुढे पुढे करत असते.

वरचे तीन कोनाडे माझे. कात्री, सुया, टाचण्या, आणि गाणी वाजवणाऱ्या खेळण्यांतल्या चपट्या गोल बॅटऱ्या. या बॅटऱ्यांविषयी मला कळकळीने सांगायचं आहे. मुलाने गिळली तर ती अन्ननलिकेत अडकून काही तासांत अन्ननलिका जाळू शकते. ज्या खेळण्याच्या बॅटरीच्या झाकणाला स्क्रू नाही ते आमच्या खालच्या कोनाड्यात येत नाही, मग ते कितीही आवडतं असो.

खालचा चौथा कोनाडा मी मुद्दाम काहीही न ठरवता सोडला होता. तो अर्धवट कामांचा झाला. चिपाडांची बैलगाडी, जिला अजून चाकं लागायची आहेत. पोळ्याचा मोडका बैल, ज्याचं शिंग वाळतंय. मुलांच्या पसाऱ्यातला मोठा भाग खरं तर पसारा नसतोच, ते चालू असलेलं काम असतं. रात्री आपण आवरायला सांगतो तेव्हा त्यांना ते मोडायला सांगत असतो, आणि रडारड त्यामुळे होते. काम होतं तसं उचलून ठेवायला जागा मिळाली तेव्हापासून आमच्याकडे झोपायच्या वेळची भांडणं कमी झाली. मला विचाराल तर एकच जागा करायची असेल तर ही आधी करा.

माझी मैत्रीण महामार्गाकडच्या नव्या वस्तीत राहते. सिमेंटच्या भिंती, कोनाडा नाही. तिने केळीची पुठ्ठ्याची खोकी आणली. आमच्या भागात ती सहज मिळतात आणि वजन पेलण्यासाठीच बनवलेली असतात. आडवी ठेवून, पाठीला पाठ बांधून, जुन्या साडीने मढवली. खोक्यांची हवेची भोकं तिने बुजवली नाहीत, त्यांतून हात घालून आतलं ओळखायचा खेळ तिच्या मुलीने काढला. गुलाबाईत मुली झाकलेला डबा वाजवून आतला खाऊ ओळखतात, तसाच.

सगळा खर्च म्हणाल तर चुना, गेरू, मेथी, तेलाचा डबा आणि दोन-चार हुक. प्लॅस्टिकच्या एका पेटीच्या किमतीत तो बसला. उरलेली मेथी भाजीत गेली.

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताई येऊन परड्या बघून गेल्या. त्यांच्याकडे खोली विटांची, कोनाडा नाही, पण खिडकीचा कट्टा रुंद आणि मुलांच्या उंचीचा आहे. त्यावर बसतील अशा परड्या हव्या आहेत, म्हणजे बूड गोल न ठेवता चपटं करावं लागेल आणि घमेल्याऐवजी साचा म्हणून परात घ्यावी लागेल. सासूबाईंनी परात पाहिली, बोटांनी तिची उंची मोजली आणि म्हणाल्या, "हाई उथळ शे, तेलनी टाकी कापी आन." रद्दी भिजत घातली आहे. टाकी आणायला आज संध्याकाळी भंगारवाल्याकडे जायचं आहे.