बोरीबंदरचा घुमट

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा घुमट रोज लाखो प्रवाशांच्या नजरेस पडतो, परंतु त्याच्या खालून जाण्याचा योग त्यांच्यापैकी फार थोड्यांना येतो, कारण फलाट एका अंगाला आहेत आणि घुमटाखालचा प्रशस्त दगडी जिना रेल्वेच्या कचेऱ्यांकडे चढतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजेच जीआयपी, या कंपनीने ही इमारत स्थानक म्हणून जितकी बांधली तितकीच आपले मुख्यालय म्हणूनही बांधली, आणि हे ध्यानात घेतल्यावाचून तिच्या दर्शनी भागाचा थाट उमगत नाही.

16 एप्रिल 1853 रोजी याच परिसरातल्या साध्या बोरीबंदर स्थानकातून ठाण्याकडे सुमारे 34 किलोमीटरचा प्रवास करणारी पहिली प्रवासी गाडी सुटली, तेव्हा असा थाट कोठेही नव्हता. 1863 मध्ये बोरघाटातून लोहमार्ग खुला होऊन दख्खन मुंबई बंदराशी जोडले गेले आणि कापसाच्या व्यापाराने शहर सधन झाले, तेव्हा कंपनीलाही आपल्या ऐश्वर्याची खूण उभी करावीशी वाटली. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार 1878 साली सुरू झालेले काम दहा वर्षांनी पूर्ण झाले. त्याआधीच, 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तिचे नाव स्थानकाला देण्यात आले होते.

टोकदार कमानी, उंच मनोरे आणि विपुल कोरीवकाम ही गॉथिक शैलीची लक्षणे युरोपातील मध्ययुगीन चर्चवास्तूंतून आली, पण ती साकारली येथल्या दगडात आणि मोठ्या प्रमाणावर येथल्या हातांनी, ही गोष्ट या वास्तूविषयी सर्वांत मोलाची मानावी लागेल. कोरीवकामात सर जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता. त्यातून मोर, माकडे, पाने, फुले असे ओळखीचे जग कमानींवर आणि स्तंभांच्या माथ्यांवर अवतरले. प्रवेशद्वारावरचा सिंह ब्रिटनचे आणि वाघ भारताचे प्रतीक आहे, तर घुमटावरची स्त्रीमूर्ती प्रगतीचे. साम्राज्याने आपला गौरव अशा प्रतीकांत सांगितला खरा, तरी दर्शनी भिंतीवरच्या मुखशिल्पांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांनाही स्थान मिळाले, आणि ते रास्तच होते, कारण मुंबईत रेल्वे यावी यासाठी 1840 च्या दशकापासून झटलेल्यांत हे दोघे अग्रभागी होते.

वास्तूचा अर्थ पुढे पालटला तो मात्र शिल्पांमुळे नव्हे, लोकलमुळे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी येथून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने चार डब्यांची, देशातील पहिली विजेवर चालणारी प्रवासी गाडी धावली, आणि दूर उपनगरात राहून कोटात नोकरी करणे हळूहळू सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. आज अठरा फलाटांपैकी सात उपनगरी गाड्यांसाठी आहेत. पहिल्या दोहोंवरून हार्बर मार्गाच्या, तर उरलेल्या पाचांवरून कल्याण, कसारा, कर्जत, खोपोलीकडच्या धिम्या आणि जलद लोकल सुटतात. लांब पल्ल्याच्या गाड्यांत 1930 पासूनची डेक्कन क्वीन पुण्याच्या नोकरदारांना सकाळी येथे आणते आणि संध्याकाळी परत नेते, त्यामुळे घाटावरच्या कित्येक घरांची दिनचर्याही या स्थानकाच्या घड्याळाला बांधलेली आहे.

स्वातंत्र्यानंतर राणीचा पुतळा दर्शनी भागावरून हटला, 1951 मध्ये जीआयपी मध्य रेल्वेत विलीन झाली, 1996 मध्ये स्थानकाला शिवछत्रपतींचे नाव मिळाले आणि 2017 मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला. युनेस्कोने 2004 साली ही वास्तू जागतिक वारसा म्हणून नोंदवली, तेव्हाही तिच्यात मध्य रेल्वेचा कारभार आणि तिकीटविक्री चालूच होती. म्हणूनच तिचे जतन हे संग्रहालयाच्या जतनाहून कठीण काम ठरते: समुद्राची खारी हवा आणि रस्त्यावरचा धूर कोरीव दगडाला सतत झिजवतात, आणि त्याची डागडुजी करताना खालच्या गर्दीला कल्याणची गाडी वेळेवर मिळावीच लागते.