तवंदीच्या उतारावरील ब्रेक

‘ब्रेक बिघडला’ असे आपण सरसकट म्हणतो. परंतु पायाला जे जाणवते त्यावरून या बिघाडाच्या दोन निराळ्या जाती पडतात. पेडल मऊ होऊन तळाशी जाऊ लागले, तर तेल गळत आहे किंवा तेलाच्या नळीत हवा शिरली आहे असे समजावे. उलट, पेडल दगडासारखे कठीण झाले आणि अंगचा सारा भार घालूनही गाडी आवरेना, तर दोष बहुधा तेलात नसतो. पायाला मिळणारी मदत थांबलेली असते. आपणा सीमाभागातील मंडळींचे निम्मे गणगोत बेळगावात, तर निम्मे निपाणी-कोल्हापूरकडे. तवंदी घाट आपल्या नित्याच्या वाटेवरचा. म्हणून या दुसऱ्या जातीविषयी चार शब्द लिहीत आहोत.

ही मदत कोण करते? हवा! पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये पत्र्याचा एक गोल डबा असतो. त्यास बूस्टर म्हणतात. त्यात रबरी पडदा असतो. पेट्रोलचे इंजिन चालू असता एका जाड नळीवाटे डब्यातील हवा ओढून घेते. आपण पेडल दाबताच पडद्याच्या मागील बाजूस बाहेरची हवा शिरते आणि पडद्यास पुढे रेटते. पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर धरल्यास क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. दोन्ही बाजूंच्या दाबांत दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोहून थोडा अधिक फरक असला, तरी दीडशे किलोंवर बळ सहज मिळते. बेल्जियमचे अभियंते आल्बेर देवांद्र यांनी १९२७ साली ही योजना सिद्ध केली. डिझेलच्या इंजिनात अशी ओढ पुरेशी नसते. त्यामुळे तेथे सामान्यतः निराळा पंप बसवितात.

निवृत्तीनंतर एकदा आम्ही सपत्नीक बेळगावहून निपाणीस लग्नास निघालो होतो. संकेश्वर मागे पडले आणि घाटाचा उतार सुरू झाला. पहिल्या दोन वेळा ब्रेक नीट लागला. तिसऱ्या वेळी पायाखाली जणू भिंतच उभी राहिली. पुढे उसाने भरलेला ट्रक होता. आम्ही दोन्ही पायांनी पेडल रेटून धरले, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली आणि हातब्रेक हळूहळू ओढत डाव्या कडेला आणली. ट्रक आणि आम्ही यांत चार हातांचे अंतर उरले होते. सौभाग्यवतींनी तोवर एक शब्दही काढला नव्हता. गाडी थांबल्यावर त्यांनी फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

पहिल्याच गिअरमध्ये रखडत निपाणी गाठली. एका ठिकाणी बॉनेट न उघडताच ‘बूस्टर गेला, नवा टाका’ असा निकाल मिळाला. शासकीय सेवेत चौकशीची प्रकरणे पुष्कळ हाताळल्यामुळे, पुराव्याआधी आलेला निकाल आम्हांस रुचत नाही. आम्ही एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. “पेडल गट्टी झालंय म्हणा की, साहेब,” ते म्हणाले. कानडी ‘गट्टी’ आणि आपले ‘घट्ट’ यांत तरी सीमावाद नाही!

त्यांची चौकशी क्रमाने झाली. इंजिन बंद ठेवून त्यांनी पेडल पाच-सहा वेळा दाबले, म्हणजे डब्यात शिल्लक असलेली ओढ संपली. मग पेडल दाबून धरूनच इंजिन सुरू केले. अशा वेळी पेडल किंचित खाली जावयास हवे. ते जागचे हलले नाही. याचा अर्थ ओढ पोचत नव्हती किंवा पोचूनही बूस्टर काम करीत नव्हता. इंजिन थरथरत होते आणि बारीक फुसफुस ऐकू येत होती. मिस्त्रींनी नळीवरून बोट फिरविले. इंजिनाकडील वळणावर, क्लिपच्या आड, ती चिरली होती. बूस्टरच्या तोंडाशी असलेला एकेरी झडपेचा व्हॉल्व्ह त्यांनी फुंकून पाहिला. वारा एकाच बाजूने जात होता, म्हणजे तो निर्दोष. त्यानेच जुनी ओढ राखून आमचे पहिले दोन ब्रेक लावले होते.

नळी मात्र त्यांनी याच कामाची, जाड भिंतीची बसविली. साधी रबरी नळी ओढीने आतल्या आत चपटी होते आणि दुखणे परत येते. पुन्हा तीच परीक्षा घेतली. इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली अलगद उतरले. शेवटी इंजिन बंद करून त्यांनी पेडल अर्धा मिनिट दाबून धरले. ते वर आले नाही, म्हणजे पडदाही शाबूत. नव्या बूस्टरच्या तुलनेत खर्च नगण्य आला.

आता एक आग्रहाची विनंती. इंधन वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय आपल्या भागात काहींना आहे. त्यांनी लक्षात घ्यावे, की इंजिन बंद होताच डब्यात दोन-तीन वेळा ब्रेक लागेल एवढीच ओढ शिल्लक राहते. पुढे धडधाकट गाडीचेही पेडल असेच कठीण होते. उतारावर इंजिन चालू आणि गाडी गिअरमध्येच असावी. पेडल कठीण झालेच, तर ते वारंवार सोडू नये, दाबून धरावे. आणि घाटाच्या वाटेला लागण्यापूर्वी मिस्त्रींची ती पहिली परीक्षा घरच्या अंगणातच करून पाहावी. तिला हत्यार लागत नाही, आणि मिनिटभरही पुरे होते.