श्रेयांकांची तूट

परवां पुतणीनें आपल्या श्रेयांकांचा हिशेब माझ्यापुढें ठेवला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणें पदवीसाठीं पहिल्या वर्षाचे ४० व तीन वर्षांचे १२० श्रेयांक हवेत. तिच्या पदरीं ३६! चार श्रेयांक म्हणजे व्याख्यानांचे ६० तास. मी उपदेशासाठीं तोंड उघडणार, तोंच आठवलें : त्याच सत्रांत ती आजारी आजीच्या उशाशीं रात्रीमागून रात्री जागत होती. त्या रात्री २०२१ सालीं निघालेल्या श्रेयांकांच्या बँकेंत जमा होत नाहींत. पण तूट झांकल्यानें भरून निघत नाहीं; वर्षअखेरीपेक्षां सत्रारंभींच ती मोजलेली बरी. आम्हीं राहिलेला विषय पुढच्या सत्रांत मांडला. तेवढ्यांत आजी आंतून म्हणाली, "आज माझ्यापाशीं नको ग, पुस्तकापाशीं जाग."